निळा रंग आणि कोल्ह्याचा स्वभाव

पंचतंत्रातला कोल्हा निळीच्या पिंपात पडतो, निळा होऊन बाहेर येतो आणि जंगलाचा राजा बनतो. पुढे जातभाईंची कोल्हेकुई कानावर पडताच त्याला राहवत नाही. तोही ओरडतो आणि जिवाला मुकतो. रंग बदलला तरी स्वभाव जात नाही, हे तात्पर्य. बोधकथेतल्या बहुतेक प्राण्यांच्या कपाळी स्वभाव असा आधीच लिहिलेला असतो. गाढव शहाणं निघालं तर गोष्टच कोसळेल.

अमेरिकेत आकाराला आलेल्या ‘फरी’ संस्कृतीने ही अट उलटी केली. माणसासारखं बोलणाऱ्या-वागणाऱ्या प्राण्यांवर प्रेम करणारी ही मंडळी विज्ञानकथा आणि कॉमिक्सच्या संमेलनांतून एकमेकांना भेटत गेली. १९८९ साली कॅलिफोर्नियात त्यांचं ‘कॉनफ्युरन्स’ हे स्वतंत्र संमेलन भरलं. आज पिट्सबर्गच्या ‘अँथ्रोकॉन’ला दहा हजारांहून जास्त लोक जमतात. डिस्नेच्या १९७३ च्या ‘रॉबिन हूड’मधला खोकड-नायक त्यांच्यातल्या अनेकांचा लाडका.

यातले बहुतेक जण स्वतःसाठी एक प्राणी घडवतात: ‘फरसोना’. कानाचा आकार, शेपटीचं टोक, अंगावरचे ठिपके असं सगळं एका नमुनाचित्रात ठरतं आणि त्यावरून चित्रकार मोबदला घेऊन नवी चित्रं काढतात. या संस्कृतीचा कणा ही चित्रंच आहेत. बातम्यांत झळकणारा फरसूट, म्हणजे फोम आणि कृत्रिम फरचा अंगभर पोशाख, थोड्यांकडेच असतो. तो महाग असतो आणि आत प्रचंड उकडतं. म्हणून संमेलनात मुखवटा उतरवून पंख्याखाली बसायला वेगळी खोली राखलेली असते.

बाहेरचे लोक याला सोंग म्हणून हसतात, किंवा यातल्या कामुक चित्रांकडे बोट दाखवून विषय संपवतात. तशी चित्रं आहेत, पण सगळं तेवढ्यात आटोपत नाही. निळ्या कोल्ह्याचा गुन्हा रंगाचा नव्हता, फसवणुकीचा होता. फसवणुकीला फसणारा लागतो. संमेलनात निळ्या लांडग्याला भेटणाऱ्या प्रत्येकाला आत माणूस आहे हे ठाऊक असतं, तरीही तो त्याला लांडग्याच्या नावानेच हाक मारतो. इथे रंग स्वभाव झाकत नाही, तो सांगतो. समलिंगी आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींचं प्रमाण या मंडळींत एकूण समाजापेक्षा बरंच जास्त आहे, यात मला आश्चर्य वाटत नाही. ज्यांचा स्वभाव आयुष्यभर दुसऱ्यांनीच ठरवला, त्यांना स्वतःचं रूप स्वतः रेखाटण्याची किंमत अधिक कळते.

मात्र हे स्वातंत्र्य वाटतं तेवढं मोकळं नाही. निवडीत लांडगे, खोकड आणि वाघ-सिंहाच्या कुळातले प्राणीच जास्त, गोगलगाय क्वचित. खोकड निवडणाऱ्याला त्याची मिस्कील हुशारी हवी असते, आणि ती त्याला जुन्या गोष्टींनीच दिलेली आहे. शिवाय रानातल्या खऱ्या खोकडाला यात जागा नाही. पण ती पंचतंत्रातही नव्हती. दोन्हीकडे विषय माणूसच. फरक एवढाच की तिथे स्वभाव गोष्ट सांगणारा ठरवतो, इथे गोष्टीतलं पात्र.

कदाचित म्हणूनच काही चित्रकारांनी जुन्या प्राण्यांची यादीच बाजूला सारून नवे प्राणी निर्माण केले. ‘प्रोटोजेन’ हा त्यांतला एक: अर्धा प्राणी, अर्धं यंत्र, डोळ्यांच्या जागी चमकता पडदा. तो लबाड की भोळा, हे सांगणारी एकही म्हण अजून कुठल्या भाषेत नाही. तो निवडणाऱ्याला स्वभाव उसना मिळत नाही. तो स्वतःच रचावा लागतो.