वाणीची जबाबदारी

मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग सोलापूर मागे टाकून होटगीस येतो आणि तेथे विजापूर-गदगचा फाटा फुटतो. १८८४ मध्ये सुरू झालेल्या या फाट्याच्या रुळांतील अंतर शंभराहून अधिक वर्षे एक मीटर, तर मुख्य मार्गाच्या रुळांतील १,६७६ मिलिमीटर असल्यामुळे एका मार्गाची वाघीण दुसऱ्यावर चढणे अशक्य होते, आणि पलीकडे जाणारा माल उतरवून पुन्हा भरावा लागे. अशा अदलाबदलीत पोते फाटले, तर सांडलेले धान्य फलाटावर दिसते. परंतु अर्थ एका भाषेतून दुसरीत उतरविताना काय सांडले, ते कोणास दिसत नाही.

होटगीहून रोज सोलापुरातील एका कारखान्यात येणाऱ्या तरुण मदतनिसाला साहेबांनी बोलाविले, तेव्हा मी हिशेबाच्या कामानिमित्त त्याच खोलीत होतो. वारंवार उशीर झाल्याबद्दल कानउघाडणी होणार, या धास्तीने तो उभा होता; पण साहेब मृदू स्वरात म्हणाले, “वुई आर लेटिंग यू गो.” मुलाचा चेहरा उजळला. ‘जाऊ देतो’ एवढाच अर्थ त्याला लागला, आणि आपल्याकडे चूक जाऊ देणे म्हणजे क्षमा करणे. तो वाकून नमस्कार करून बाहेर पडला. साहेबांनी त्याला थांबविले नाही. मीही थांबविले नाही.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाङ्मय, म्हणजे वाणीच्या, तपाची लक्षणे सांगितली आहेत : वचन उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असावे. कामावरून काढल्याचे असे आडून सांगणारे, व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकविले जाणारे इंग्रजी वाक्प्रचार अनुद्वेगाचा दावा करतात खरा. परंतु त्या दिवशी उद्वेग टळला तो बोलणाऱ्याचा. सत्य आणि हित यांना वगळून उरलेले माधुर्य हे तप नव्हे, तो केवळ बचाव होय.

दोष परभाषेचा नाही. शिवछत्रपतींनी कारभारातील परके शब्द बदलण्यासाठी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करविला, तरीही अर्ज, हुकूम, तक्रार हे फारसी-अरबी शब्द आपल्या दफ्तरांत राहिलेच. आणि ज्याने त्याने आपल्या कृत्याचा जबाब द्यावा, हा कारभाराचा मूळ धर्म ज्या एका शब्दात सामावतो, तो ‘जबाबदारी’ही त्याच वाटेने आलेला आहे. शब्द कोठून आला, यापेक्षा बोलणारा त्याच्यामागे उभा राहतो की नाही, हाच सत्याचा निकष होय. बाराव्या शतकात सोलापुरी तलाव खोदविणाऱ्या सिद्धरामेश्वरांनी आणि त्यांच्या समकालीन शरण संतांनी कायक, म्हणजे श्रम, हीच पूजा मानली. मग ज्याच्या हुद्द्याचे कामच मुळी बोलणे आहे, त्याची वाणी या पूजेतून कशी वगळता येईल?

फाटकापाशी म्हाताऱ्या मुकादमांनी त्या मुलाला गाठले. मराठी आणि कानडी दोन्ही त्यांच्या घरच्याच भाषा. खांद्यावर हात ठेवून मुकादम म्हणाले, “काम गेलं रे तुझं. चल, हिशेबाला मी येतो संगट.” मुलगा रडला. मुकादमांनी हात काढला नाही, आणि पगाराच्या खिडकीपर्यंत ते त्याच्याबरोबर चालत गेले.