मांजराचा वाटा

गावच्या घरी मांजर मुद्दाम कोणी पाळत नसे, ते असायचेच. उंदरांचा बंदोबस्त हे त्याचे काम आणि मासळीची डोकी हे त्याचे वेतन. वांद्रे, मालाड, वसईच्या सदनिकांत ते सेवानिवृत्त झाले आहे. त्याला पिशवीतले तयार खाद्य, वाळूचा ट्रे आणि लसीकरणाचे कार्ड लाभले आहे, आणि मालकाच्या मनाला एक टोचणीही: रस्त्यावर माणूस उपाशी असताना मांजरावर एवढा खर्च करणे पाप तर नव्हे?

शंका क्षुल्लक नाही. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षणग्रंथाने तिची दखल घेतली आहे. प्राण्यांवर माया करावी, त्यांना विनाकारण यातना देऊ नयेत. मात्र जो पैसा आधी माणसांच्या दुःखनिवारणाकडे वळायला हवा, तो त्यांच्यावर उधळू नये आणि माणसाच्या हक्काचे प्रेम त्यांना देऊ नये, असे तो परिच्छेद २४१८ मध्ये सांगतो. हा परिच्छेद सातव्या आज्ञेच्या विवेचनात येतो. सातवी आज्ञा म्हणजे 'चोरी करू नको'. तेव्हा खरा प्रश्न खर्चाच्या आकड्याचा नसून, कोणाचा वाटा कोणाच्या ताटात गेला, हा आहे.

आता ताटाकडेच पाहू. रविवारची मिस्सा आटोपली की अनेक कुटुंबे उपाहारगृहाची वाट धरतात. सुरमई, तिसऱ्या, कुरकुरीत बोंबील, वर सोलकढी. यात गैर काही नाही. प्रभू येशू स्वतः लोकांच्या पंक्तीला आनंदाने बसत असे. परंतु मांजराच्या खाद्याविषयी विचारणारे पुष्कळ भेटतात. या बिलाविषयी शंका घेऊन आलेला भाविक मला आजवर भेटलेला नाही. उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून मटणाहून महाग पापलेट मागवणाऱ्यालाही ती येत नाही. वाचलेला पैसा गरिबाला जावा, हा त्या व्रताचा एक हेतू. येथे वाचते काय?

जेवण संपते. पानात बरेच उरलेले असते. "मांजरासाठी बांधून द्या," असे आपण वेटरला सांगतो आणि अन्न वाया न घालवल्याचे समाधान मिळवतो. पण त्या रश्श्यातला कांदा-लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशींना अपायकारक असतो आणि शिजलेला काटा त्याच्या घशात रुतू शकतो. म्हणजे जे आपण जास्त मागवले, त्याला निमित्त तेवढे मांजर. उष्टे उचलणारा तो वेटर स्वतः केव्हा जेवतो, हे आपण विचारलेलेही नसते.

लूकच्या शुभवर्तमानातील १६व्या अध्यायात असेच एक ताट आहे. श्रीमंत मनुष्य रोज चैनीत जेवतो आणि लाझरस त्याच्या दाराशी पडलेला असतो. त्याच्या जवळ कोण येते? कुत्री. ती त्याचे फोड चाटतात. माणूस फिरकला नाही, तेथे जनावर गेले. (मांजराचा उल्लेख कॅथलिक बायबलमध्ये केवळ एकदा, बारूखच्या ६व्या अध्यायात आहे, तोही बाबेलच्या मूर्तींच्या अंगावर बसणारे म्हणून. कोठे बसावे याविषयीचे त्याचे मत तेव्हापासून बदललेले दिसत नाही.) त्या श्रीमंताच्या घरी मांजर असते, तरी लाझरसच्या उपासमारीला ते जबाबदार ठरले नसते.

राहिला प्रेमाचा मुद्दा. ५ जानेवारी २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मुलांऐवजी कुत्री-मांजरे पाळणाऱ्या जोडप्यांविषयी खंत व्यक्त केली, तेव्हा अनेक जण दुखावले. त्यांची काळजी रास्त होती. परंतु आपल्या धर्मग्रामात मला उलटेच अधिक दिसते. माणसाच्या वाट्याचे प्रेम मांजराने घेतलेले नसते. माणसांनी ते आधीच काढून घेतलेले असते आणि त्या रिकाम्या जागी मांजर येऊन बसते. रुग्णांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर जाताना अशा वृद्ध माता भेटतात. मांडीवर मांजर, हातात रोझरी. पहिल्या मजल्यावरच्या उपाहारगृहाचा जिना गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून रविवारी त्या घरीच थांबतात. दुपारी मुले, नातवंडे परततात. हातात एक पिशवी असते. ती ओट्यावर ठेवत सून सांगते, "आई, यातले तुम्हाला हवे ते घ्या, बाकीचे मनीला घाला."