वाचल्याचे ऋण

फलटणहून नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा संपतो आणि बारामतीचा मुलूख सुरू होतो. तेथे वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. इकडे कऱ्हाडलाही धावपट्टी आहे. त्यामुळे सातारा-सांगलीकडच्या माणसाला डोक्यावरून घरघरत जाणारे छोटे विमान नवे नाही.

२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले असे एक विमान इंदापूर तालुक्यातील कडबनवाडी येथे शेतात आदळत उतरले. आत प्रशिक्षणार्थी तरुणी एकटीच होती. विमान मोडले, ती किरकोळ जखमांवर बचावली. अशा वेळी आपण सहज म्हणून जातो, 'देव तारी त्याला कोण मारी!'

हा उद्गार श्रद्धेचा आहे. पण तो पुरेसा आहे काय? देवाने हिला तारले, तर अन्य अपघातांत गेलेल्यांना त्याने टाकले, असे म्हणायचे का? लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण दगावल्याचा उल्लेख आहे. ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभू येशू सांगतो आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन करतो. लगेच पुढे निष्फळ अंजिराच्या झाडाला आणखी एका वर्षाची मुदत मिळते. तेव्हा वाचणे हे पुण्याचे प्रशस्तिपत्र नव्हे. ती मुदत आहे.

ही मुदत कशासाठी? ऑक्टोबर २०२३ मध्ये १९ व २२ तारखेस बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने कोसळली. प्राणहानी झाली नाही. तरीही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या संस्थेची प्रशिक्षण उड्डाणे थांबवली. कोणी मेले नाही म्हणून प्रश्न मिटला, असे मानले गेले नाही.

विमान अपघातांच्या तपासाचा आंतरराष्ट्रीय दंडक लक्षात घेण्याजोगा आहे. दोषी ठरवणे हा त्या तपासाचा हेतू नसतो. तसा अपघात पुन्हा घडू नये, हा असतो. म्हणून चुकलेल्यालाही खरे बोलण्याचे धैर्य व्हावे, अशी अपेक्षा असते. पापनिवेदनापूर्वी आपण जे आत्मपरीक्षण करतो, त्याहून हे फार निराळे नाही.

आपल्या घरी मात्र काय घडते? घाटात ब्रेक नीट लागत नाही, गाडी कठड्याला टेकून थांबते. आपण घरी येऊन मेणबत्ती लावतो आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी, तशीच, मुलाबाळांसह बाहेर काढतो. ही श्रद्धा नव्हे, देवाची परीक्षा पाहणे आहे.

मेणबत्ती जरूर लावावी. पण गाडी आधी मिस्त्रीकडे न्यावी आणि आपण कोठे हयगय केली, हे घरच्यांसमोर मोकळेपणी कबूल करावे. वाचल्याचे ऋण फेडायला तेथूनच सुरुवात होते.