उचलणं, ठेवणं, टाकणं

सासूबाईंच्या डाव्या मूत्रपिंडात 14 मिलिमीटरचा खडा निघाला. डॉक्टरांनी कागदावर मूत्रपिंडाचं चित्र काढून खडा दाखवला, अगदी खालच्या कप्प्यात, आणि विचारलं, "स्कोप नवा मागवू, की आमच्याकडचा वापरू?"

हा स्कोप म्हणजे साधारण 3 मिलिमीटर जाडीची लवचीक नळी. टोकाला कॅमेरा, आत एक अरुंद वाट, त्या वाटेनं लेसरचा तंतू जातो. लघवीच्या मार्गानंच वर चढवतात, कुठं चिरावं लागत नाही. पूर्वी असे स्कोप धुऊन पुन्हा पुन्हाच वापरत. गेल्या दहाएक वर्षांत एकदा वापरून टाकायचे निघाले. आमच्या बिलात वीस-बावीस हजारांचा फरक पडणार होता.

मी क्षणात म्हटलं, "नवाच." दुसऱ्याच्या अंगात जाऊन आलेली नळी, या विचारानंच अंगावर काटा आला होता. ते भय जंतूंचं होतं की उष्ट्याचं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारलं, "एकदा वापरून टाकायचा? आणि टाकायचा म्हंजे कुठं?"

डॉक्टर हसले. मला मात्र तो प्रश्न घरी घेऊन यावा लागला.

माझं भय अगदीच पोकळ नव्हतं. 2021 च्या एप्रिलात अमेरिकेच्या एफडीएनं डॉक्टरांना पत्र लिहून सावध केलं होतं. मूत्रमार्गात घालायचे, धुऊन वापरलेले स्कोप आणि त्यानंतरचा संसर्ग किंवा स्कोप अस्वच्छ राहण्याची शक्यता, अशा साडेचारशेहून जास्त तक्रारी चार वर्षांत तिथं आल्या होत्या. त्याच पत्रात हेही होतं, की धुण्याच्या सूचना काटेकोर पाळा आणि बिघडलेला स्कोप वापरू नका.

माझी भाची ऑपरेशन थिएटरात तंत्रज्ञ आहे. तिला म्हटलं, धुता कसं ते सांग. म्हणाली, "मावशी, वाळू द्यायचाच नाही. बाहेर आला की लगेच पुसायचा, आतून पाणी सोडायचं. मग हवा भरून पाण्यात धरायचा, बुडबुडा आला तर कुठंतरी भोक आहे. मग एन्झाइमचं पाणी, आतल्या वाटेतून ब्रश, ब्रश स्वच्छ निघेपर्यंत. खळखळून धुवायचा, वाळवायचा, मग निर्जंतुक करायचा. कुकरसारख्या वाफेच्या यंत्रात घालता येत नाही, खराब होतो. म्हणून औषधात बुडवायचा, नाहीतर गॅसवर."

"आणि गडबड असली की?"

ती थोडी थांबली. "दिवसाची पाचवी केस असते, आतून हाक येते, स्कोप द्या. औषधात ठेवायची मिनिटं घड्याळात पुरी झालेली नसतात. तेव्हा कोण काय करतं, तेच सगळं."

आपल्याकडे हिंसेची चर्चा निघाली की कोण मेलं आणि किती मेले याचाच हिशेब होतो. तत्त्वार्थसूत्रातली हिंसेची व्याख्या मात्र प्रमादापासून, म्हणजे बेसावधपणापासून सुरू होते. मुनींच्या पाच समित्यांतली चौथी आदान-निक्षेपण, वस्तू उचलताना-ठेवताना पाहून वागायची. पाचवी उत्सर्ग, टाकण्यासारखं असेल ते जीव नसलेली जागा पाहून टाकायची. लहानपणी पाठशाळेत ही नावं घोकली तेव्हा वाटायचं, एवढ्याशा गोष्टीला कशाला हवी वेगळी समिती! भाचीचं बोलणं ऐकताना पहिल्यांदा कळलं, कशाला ते.

घरात दीर म्हणाले, "टाकायचाच बरा, वैनी. संग्रहच नको. अपरिग्रह झाला." गमतीनंच म्हणाले, पण पुष्कळ जणांना तसं खरंच वाटतं. आपल्या मुनींकडे पिंछी आणि कमंडलू असतो, ते काही रोज नवं घेत नाहीत. मोरानं आपणहून टाकलेल्या पिसांची पिंछी वर्षभर चालते. चातुर्मासानंतर पिंछी परिवर्तन होतं, कारण पिसांचा मऊपणा गेला की जीवांना जपण्यासाठी घेतलेली पिंछीच त्यांना टोचायला लागते. म्हणजे टिकेल तोवर वापरायचं खरं, पण वस्तूचं काम संपलं हेही ओळखायचं. स्कोपचंही तसंच. खालच्या कप्प्यात वळवून वळवून तो लवकर निकामी होतो, म्हणून अवघड जागी एकदाच वापरायचा घेण्यात अर्थ आहे. सासूबाईंना आधी लघवीचा संसर्गही होऊन गेला होता. डॉक्टरांनी ही दोन्ही कारणं दिली आणि आम्ही नवा घेतला. पण कारणं येण्याआधीच मी "नवाच" म्हणून बसले होते, ते कसं विसरू?

कचऱ्याचं म्हणाल तर उत्तर सोपं नाही. ऑस्ट्रेलियातल्या 2018 च्या एका अभ्यासात दोन्ही स्कोपांचा कार्बनचा भार एका शस्त्रक्रियेमागे जवळजवळ सारखा निघाला, 4.43 आणि 4.47 किलो. धुण्याला वीज लागते, औषध लागतं. पण कार्बन मोजला म्हणजे सगळं मोजलं असं नव्हे. फेकलेल्या नळीत प्लास्टिक, तारा, कॅमेऱ्याची चकती असते. ती वेगळी कोण करणार, उघड्या हातांनी की हातमोजे घालून, ते कुठल्या बिलावर येतं?

भाचीनं आणखी एक सांगितलं, आवाज उतरवून. काही ठिकाणी एकदाच वापरायचा स्कोप गुपचूप धुऊन पुढच्याला घालतात आणि प्रत्येकाच्या बिलात नवा लावतात. मुळात तो धुण्यासाठी केलेलाच नसतो. इथं मला दोन बाजू दिसत नाहीत. धुऊन वापरलेला आहे असं सांगून वापरला तर तो व्यवहार. न सांगता वापरला तर असत्य, अदत्तादान आणि प्रमाद, तिन्ही एकाच नळीतून रुग्णाच्या पोटात. म्हणून आम्ही पाकिटावरचं लेबल फाईलमध्ये चिकटवून मागितलं. सिस्टरांनी कपाळाला आठी घातली, पण दिलं.

उजव्या बाजूला अजून एक बारीक खडा आहे, 5 मिलिमीटरचा. सध्या नुसतं लक्ष ठेवायचं ठरलंय. पुढं वेळ आलीच तर मी आधी धुणाऱ्या मुलीला भेटेन, म्हणजे भेटू दिलं तर. डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलंय. सासूबाई उजाडल्यापासून गाळलेल्या पाण्याचा तांब्या शेजारी घेऊन बसतात, मोजून पितात. सूर्य मावळला की तांब्या पालथा. त्यावरून आमचा रोज वाद होतो.