देव किती?

गोंड-माडिया समाजात सोयरीक जुळवताना आधी विचारतात, देव किती? चार, पाच, सहा की सात? या संख्येवरून कुळांचा गट ठरतो आणि एकाच गटात लग्न होत नाही. सात देववाल्याला मात्र ‘या सातांचा समतोल कसा साधतोस?’ असं कुणी विचारत नाही.

कॉलेजात शिकणाऱ्या खेळाडूला हा प्रश्न उठताबसता ऐकावा लागतो. त्याचे देव तर दोनच, मैदान आणि पुस्तक!

गडचिरोलीत सूरजागडच्या खाणीमुळे एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाच्या ट्रकांची वर्दळ असते. ती वाढण्याआधी, झुंजूमुंजू होताना, पोरं कडेकडेने धावून घेतात. बूट झटकले की तांबडी धूळ उडते. शिवणीत बसलेली काही निघत नाही. मग तेच बूट घालून वर्गात. बहुतेकांच्या डोक्यात ऑलिम्पिक नसतं, पोलीस भरती असते. मैदानी चाचणी 50 गुणांची, लेखी 100 गुणांची. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. पिंढऱ्या आणि व्याकरण दोन्ही एकाच बेरजेत. गडचिरोलीच्या भरतीत गोंडी-माडिया भाषेचीही परीक्षा असते, म्हणजे घरची बोलीसुद्धा कामाला येते.

कॉलेजचं गणित निराळं. तिथे 75 टक्के हजेरी लागते. ज्या दिवशी छातीवर विद्यापीठाचं नाव लावून पोरगा धावत असतो, त्याच दिवशी वर्गाच्या वहीत तो गैरहजर! पुढे अर्ज-विनंत्या करून ती हजेरी भरून काढायची. खोट त्याच्या मनात नाही, वेळापत्रकात आहे.

दोघांनी एकत्र नांदणं जुनंच आहे. मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी बसलेले आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. परंपरा त्यांत जीव आणि परमात्मा पाहते. शेवटच्या फेरीत धापा टाकणाऱ्या धावपटूला ते वेगळ्या अर्थानेही कळावेत: एक पळतो, दुसरा आतून श्वास मोजतो. आत्मा दुबळ्याला लाभत नाही, असंही हेच उपनिषद सांगतं. तिकडे अथेन्समध्ये प्लेटोची अकादमी होती ती व्यायामशाळेच्या परिसरात. व्यायामसुद्धा मुख्यतः आत्म्यासाठीच, असं त्याने ‘रिपब्लिक’मध्ये मांडलं. पीटीचा तास गणिताला देऊन टाकणाऱ्या आपल्या शाळांना हे कोण सांगणार?

मे 2018 मध्ये ‘मिशन शौर्य’ या मोहिमेतून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर गेले. मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण शिखरावर पोचले. तुकडी दहा जणांची होती. सराव तोच, थंडीही तीच. उरलेल्या पाचांनी परतताना काय सोबत आणलं, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही.

जानेवारीत सूरजागडला ठाकूरदेवाची यात्रा भरते. हिवाळा हा स्पर्धांचाही हंगाम. देवाला निघालेल्या एखाद्या पोराची नजर चढावर सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे जातेच.