ख्रिस्ती नाव म्हणजे कोणते?

बाप्तिस्म्याच्या नोंदणीसाठी आईवडील धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात तेव्हा एक प्रश्न हल्ली वारंवार पुढे येतो. मुलगी असली तर सहसा अडत नाही. मुलगा असला, त्यातून घरातला पहिला नातू असला, की दोन पिढ्या समोरासमोर उभ्या राहतात. आईवडिलांनी 'आनंद' किंवा 'अमर' असे नाव ठरवलेले असते आणि आजोबा म्हणतात, "हे ख्रिस्ती नाव नव्हे." कधी याच्या उलट घडते. आजोबांचे नाव मनवेल असते, ते नातवाला मिळावे अशी त्यांची इच्छा असते आणि सूनबाईंना ते जुनाट वाटते. वाद चार अक्षरांचा, पण त्यात माणसे दुखावली जातात. काही घरांत बाप्तिस्म्याच्या जेवणापर्यंत अबोला टिकतो. म्हणून हा प्रश्न या पानावर मोकळेपणाने मांडावा असे आम्हाला वाटले. ख्रिस्ती नाव म्हणजे नेमके कोणते?

प्रथम ख्रिस्तसभेचा नियम पाहू. 1917 च्या धर्मविधिसंहितेने धर्मगुरूंना सांगितले होते की बाळाला ख्रिस्ती नाव दिले जाईल हे पाहावे, आणि आईवडील ऐकत नसतील तर त्यांच्या पसंतीच्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडून दोन्ही नावे बाप्तिस्म्याच्या वहीत लिहावीत. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या मनात हाच नियम आहे, आणि त्यांच्या काळी तो खराच होता. 1983 च्या नव्या संहितेत मात्र एवढेच म्हटले आहे की ख्रिस्ती भावनेशी विसंगत असे नाव दिले जाऊ नये, याची काळजी आईवडील, धर्मपिता-धर्ममाता आणि धर्मगुरू यांनी घ्यावी. संताचे नाव देण्याची प्रथा चांगलीच आहे. त्या मुलाला स्वर्गात एक पाठीराखा मिळतो आणि पृथ्वीवर एक आदर्श. पण ती सक्ती नाही. एखादा सद्गुण किंवा श्रद्धेचे एखादे रहस्य सांगणारे नावही चालते.

नियम सांगून वाद मिटत नाहीत, हे आम्ही जाणतो. आजोबांच्या मनातली शंका नियमाची नसतेच. त्यांना वाटते, आपली नावे पवित्र शास्त्रातून आली आणि ही नवी नावे बाहेरची. तेव्हा आपली नावे कुठून आली ते जरा उघडून पाहू या.

संत पौल फिलिप्पैकरांना पत्र लिहितो तेव्हा एपफ्रदीत नावाच्या बंधूबद्दल फार जिव्हाळ्याने लिहितो. हा माणूस आजारी पडून मरता मरता वाचला होता. त्याच्या नावात आफ्रोदीती आहे, ग्रीकांची प्रेमदेवता. पौलाने त्याला नाव बदलायला सांगितल्याचे कुठेही दिसत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात भेटणारा अपुल्लोस हा अपोलो देवाच्या नावाचा. रोमकरांच्या पत्राच्या शेवटी पौल ज्यांना सलाम कळवतो त्यांत एक हर्मेस आहे आणि एक नीरिय. दोन्ही ग्रीक देवांची नावे. पहिल्या ख्रिस्ती पिढीला आपल्या बांधवांच्या नावात जुने देव ऐकू येत होतेच, तरी त्यांची जीभ अडखळली नाही.

पुढेही तेच. मार्टिन हे नाव रोमनांच्या युद्धदेवतेवरून, मार्सवरून आले. तूर्सचे संत मार्टिन सैनिकाचे पुत्र होते, स्वतःही सैन्यात होते. बाप्तिस्मा घेतला, पुढे तलवार खाली ठेवली, बिशप झाले, पण नाव युद्धदेवाचेच राहिले. डेनिस म्हणजे मूळचा दिओनिसिओस, मद्याच्या देवाचा. शेतकऱ्यांचे आश्रयदाते म्हणून आपण ज्यांना मान देतो त्या संत इसिदोर यांच्या नावाचा अर्थ 'इसिसची देणगी', आणि इसिस ही मिसरची देवी. आता दुसरी बाजूही सांगायला हवी. 533 साली रोममध्ये पोप म्हणून निवडलेल्या एका धर्मगुरूचे नाव मर्क्युरियस होते. पोपच्या आसनावर बुध देवाचे नाव शोभणार नाही असे मानून त्यांनी योहान हे नाव घेतले आणि ते दुसरे योहान झाले. म्हणजे ख्रिस्तसभेतही या बाबतीत एकच एक मत कधी नव्हते. स्वतः योहान या नावाची रचना पाहिली तर गंमत वाटते. त्याचा अर्थ 'परमेश्वराची कृपा झाली'. ज्याने रोमला धडकी भरवली त्या कार्थेजच्या हॅनिबलच्या नावाचा अर्थ 'बाल देवाची कृपा'. 'कृपा' हा शब्द दोन्हीकडे एकाच मुळातून आलेला आहे. शेजारी राहणाऱ्या दोन समाजांनी एकाच शब्दाने आपापल्या देवाचे आभार मानले.

वसईकडे वळू. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म इथला, वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांना हौतात्म्य आले आणि 1862 साली ते संत म्हणून जाहीर झाले. गोन्सालो हे नाव ना हिब्रू, ना ग्रीक. ते युरोपातल्या जर्मन टोळ्यांचे, आणि त्यात 'युद्ध' या अर्थाचा शब्द आहे. फर्नांड, रॉड्रिग, लुईस, हेन्री, रिचर्ड ही सगळी त्याच घराण्यातली नावे. बर्नार्ड म्हणजे अस्वलासारखा शूर. या टोळ्या ख्रिस्ती झाल्या तेव्हा त्यांनी नावे टाकली नाहीत. पुढे त्या नावांची माणसे पवित्र जगली, म्हणून ती संतांची नावे झाली.

आणि आडनावे? पोर्तुगीज भाषेत शेवटी 'एस' लावला की 'अमक्याचा मुलगा' असा अर्थ होतो. रॉड्रिग्ज म्हणजे रोद्रिगोचा, गोन्साल्विस म्हणजे गोन्सालोचा, लोपीस म्हणजे लोपोचा, आणि लोपो म्हणजे लांडगा. इंग्रजी अमलात आपण हीच गोष्ट पुन्हा केली, या वेळी पहिल्या नावात. विल्सन, नेल्सन, जॉन्सन, जॅक्सन ही मुळात इंग्रजांची आडनावे. विल्सन म्हणजे विल्यमचा मुलगा, नेल्सन म्हणजे नीलचा मुलगा. आपल्या विल्सनचे वडील मात्र पास्कू! नातवाचे 'आनंद' हे नाव ऐकून ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात त्यांनीच पूर्वी आपल्या मुलाचे नाव हौसेने विल्सन ठेवलेले असते. ते ख्रिस्ती आहे की नाही, असे तेव्हा कोणी विचारले नव्हते. इंग्रजी वाटले म्हणजे ख्रिस्ती वाटले, एवढाच तो हिशोब होता, आणि हा हिशोब आपण मोडला पाहिजे असे आमचे स्पष्ट मत आहे.

कारण अर्थाने पाहिले तर आपल्या भाषेतली नावे संतांच्या नावांशी सख्ख्या भावासारखी जुळतात. आनंद म्हणजे हिलरी. विजय म्हणजे व्हिक्टर. अमर म्हणजे अँब्रोज, आणि अथनासियसही. देवदत्त म्हणजे थिओडोर, म्हणजे मत्तय, म्हणजे नथनिएल, म्हणजे अदेओदातुस. हा अदेओदातुस संत ऑगस्टीन यांचा मुलगा. ऑगस्टीन यांच्या मनपरिवर्तनापूर्वी, विवाहाबाहेर जन्मलेला, आणि तरीही नाव 'देवाने दिलेला'. 387 सालच्या पुनरुत्थान सणाला मिलानमध्ये संत अँब्रोज यांच्या हातून बापलेकाचा बाप्तिस्मा एकाच वेळी झाला.

आपल्या देशातले उदाहरण तर याहून बोलके आहे. त्रावणकोरच्या राजसेवेतले नीलकंठ पिल्लै यांनी 1745 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांना लाजरस हे नाव मिळाले, पण ते लोकांच्या भाषेत उतरवून: देवसहायम. 'देवाने साहाय्य केले' हाच लाजरस या हिब्रू नावाचा अर्थ. 1752 साली त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले आणि 15 मे 2022 रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केले. त्या वेळी त्यांच्या नावातला 'पिल्लै' हा जात सांगणारा शब्द गाळण्यात आला. अनुवाद केलेले नाव वेदीवर पोहोचले. जात सांगणारा शब्द पोहोचला नाही.

मग कोणतेही नाव चालेल काय? तसे आम्ही म्हणणार नाही. भाषेची अडचण नाही, पण बाळाच्या डोक्यावर आपण काय ठेवतो याचा विचार हवा. राहेल बाळंतपणात मरता मरता आपल्या मुलाला बेनओनी म्हणाली, 'माझ्या दुःखाचा पुत्र'. याकोबाने ते नाव राहू दिले नाही. त्याने बन्यामीन म्हटले, 'उजव्या हाताचा पुत्र'. बायकोवर त्याचे जिवापाड प्रेम होते, तरी तिचे दुःख मुलाने जन्मभर वाहावे हे त्याला मान्य झाले नाही. पहिली मुले दगावल्यावर आपल्या महाराष्ट्रात दगडू, धोंडू अशी नावे ठेवत, मृत्यूची नजर या पोरावर पडू नये म्हणून. ऐकायला ओबडधोबड, पण त्यामागे केवढी माया आहे! पालघर-डहाणूच्या पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या ही जन्मवाराची नावे आढळतात. घानामध्येही तीच रीत आहे. संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचे 'कोफी' म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. आणि आपला दुमिंग? पोर्तुगीज भाषेत तो सरळसरळ 'रविवार' आहे, प्रभूचा वार. नायजेरियाच्या योरुबा लोकांत आजोबा गेल्यानंतर जन्मलेल्या मुलाला बाबातुंडे म्हणतात, 'वडील परत आले'.

या नावांपुढे आम्हाला खटकते ती आजची एक हौस. अर्थ नसलेले, नुसते कानाला वेगळे लागणारे नाव शोधायचे, मग अंकशास्त्रवाल्याला पैसे देऊन त्याच्या स्पेलिंगमध्ये एक जादा 'ए' घालायचा. बाप्तिस्म्यात सैतानाचा आणि त्याच्या सर्व करणीचा त्याग करायचा आणि त्याच बाळाचे नशीब एका अक्षरावर टांगायचे, हे जुळत नाही. ख्रिस्ती भावनेशी विसंगत काय, असे कोणी विचारले तर आम्ही 'आनंद'कडे बोट दाखवणार नाही, त्या जादा 'ए'कडे दाखवू.

मुलाच्या नावाला आपल्याकडे आणखी एक ओझे असते. ते त्याच्यापाशी थांबत नाही, उद्या त्याच्या मुलांच्या नावामागे लागते. विल्सन पास्कू लोपीस, मग आनंद विल्सन लोपीस. आईचे नाव या साखळीत कधी नव्हतेच. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत बाळाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि मग आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे. नातवाला आजोबांचेच नाव हवे असा आग्रह धरताना, त्याला नऊ महिने पोटात वाढवणारीचे मतही विचारावे. योहानाच्या जन्माच्या वेळी शेजारी जखऱ्याचेच नाव बाळाला द्यायला निघाले होते. "नाही, योहान," असे प्रथम एलिझाबेथ म्हणाली. मुक्या झालेल्या जखऱ्याने पाटीवर तेच नाव लिहून तिला दुजोरा दिला.

आणखी एक गोष्ट. प्रभूच्या दाखल्यांत पेरणारा, मेंढपाळ, उधळा पुत्र, न्यायाधीश असे कितीतरी लोक येतात आणि कोणालाच नाव नाही. फक्त एकाला आहे. श्रीमंताच्या दाराशी फोडांनी भरून पडलेला भिकारी, लाजरस. आत जांभळी वस्त्रे घालून जेवणाऱ्याचे नाव मात्र प्रभूने सांगितले नाही. आपल्या व्यवहारात नेमके उलटे आहे. बंगल्याच्या फाटकावर मालकाचे नाव संगमरवरात कोरलेले असते, आणि फाटक उघडणारा 'ए वॉचमन', चहा आणणारा 'छोटू', भाजी देणारा 'भैया'. तो भैया पन्नाशीचा असतो आणि त्याच्याही आईने त्याला नाव दिलेले असते. विचारले तर सांगतो. उत्तरेकडून आलेल्या कितीतरी पुरुषांची नावे रामसहाय, शिवसहाय अशी असतात. त्यातला 'सहाय' तोच, जो देवसहायमच्या नावात आहे.