शुश्रूषा आणि उत्कर्षाची इच्छा

एका सद्गृहस्थांनी नुकताच आम्हांस एक प्रश्न विचारला. त्यांची कन्या बी.एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमापैकी तिसऱ्या वर्षास आहे. पुढे एम.एस्सी. करावे, अध्यापिका व्हावे आणि मिळणाऱ्या वेतनातून धाकट्या भावाच्या शिक्षणाचा भार उचलावा, अशी तिची आकांक्षा आहे. ते म्हणाले, "रुग्णसेवा हे पुण्यकर्म. ते पदवीसाठी, पदासाठी आणि पैशासाठी केले, तर त्यास सेवा म्हणावे काय? निष्कामतेच्या उपदेशाशी हे कसे जुळावे?" प्रश्न प्रामाणिक आहे, आणि तो त्यांच्या एकट्याच्या घरचा नाही.

प्रथम ही विद्या काय आहे ते पाहू. रुग्णाविषयी नुसती दया असून भागत नाही. 1854 साली क्रिमियाच्या युद्धातील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेस गेलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी हे जाणले, आणि 1860 मध्ये लंडन येथे परिचारिकांच्या शिक्षणाची शाळा सुरू करविली. आपल्याकडे रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली 1909 साली पुण्यात सेवासदन उभे राहिले, आणि ज्यांना घरात कोणी विचारीत नव्हते अशा कित्येक विधवांना त्यातून शुश्रूषेच्या शिक्षणाची वाट मिळाली. 1946 मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे पदवीचे शिक्षण सुरू झाले. म्हणजे आज एखादी कन्या विद्यापीठात बसून शरीररचना, सूक्ष्मजंतुशास्त्र, प्रसूतिविद्या व मानसिक रुग्णांची शुश्रूषा शिकते, त्यामागे कित्येकांचे कष्ट आहेत. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ ही पाच पथ्ये तिने पाळावयाची असतात. यांपैकी एक जरी चुकले, तरी अंतःकरणातील करुणा त्या रुग्णास वाचवू शकत नाही.

आता त्याच कन्येचा एक प्रसंग सांगतो. तिच्या रात्रपाळीत पक्षाघाताने अंथरुणास खिळलेला एक वृद्ध होता. अशा रुग्णाची कूस दर दोन तासांनी पालटावी लागते. नाहीतर एकाच जागी भार पडून कातडी सडते व खोल जखमा होतात. रात्री दोनच्या सुमारास शेजारच्या रुग्णास श्वास लागला. ती तेथे गुंतली आणि वृद्धाची कूस पालटावयाची राहून गेली. चार वाजता तिच्या ध्यानात आले. नोंदपत्रावर दोन वाजताचे घर रिकामे होते. त्यात एक खूण केली असती तर कोणासही कळले नसते. आणि पुढच्याच आठवड्यात तिच्या कामाचे गुण ठरावयाचे होते. तिने लिहिले, "दोन वाजता कूस पालटली नाही. चार वाजता पालटली. पाठीवर लाली आहे." सकाळी तिला बोलणी खावी लागली. परंतु त्या नोंदीमुळेच दिवसपाळीच्या परिचारिकेने वृद्धाच्या पाठीकडे विशेष लक्ष पुरविले.

आमच्या मते गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर या नोंदीत आहे. गीता अर्जुनास धनुष्य खाली ठेवावयास सांगत नाही. कर्तव्य करीत असता मन फळाकडे धावू देऊ नये, एवढेच सांगते. पुढे जाण्याची इच्छा त्या कन्येच्या ठिकाणी आहेच. पण ती इच्छा तिच्या लेखणीत उतरली नाही. उतरली असती, तर रुग्ण हा गुण मिळविण्याचे साधन ठरला असता. म्हणून आकांक्षा आहे की नाही हे न विचारता, कर्माच्या क्षणी ती रुग्ण आणि कर्तव्य यांच्या मध्ये उभी राहते की काय, हे विचारावे.

कोणी म्हणेल, "मग वेतन तरी कशास घ्यावे?" शेतकरी धान्य विकतो म्हणून ते अन्न नव्हे असे आपण म्हणत नाही. वेतनाने परिचारिकेचे घर चालते. रुग्णाचा ताप पाहताना तिचे चित्त कोठे आहे, हे वेतनावरून ठरत नाही. वेतन न घेणाराही कीर्तीचा लोभी असू शकतो.

येथे आपण गृहस्थांनी स्वतःकडेही पाहावे. संकटकाळी आपण परिचारिकेस देवी म्हणतो. 2020 च्या महामारीत तर टाळ्या वाजवून तिचा गौरव केला. परंतु तीच कन्या सून म्हणून पाहावयाची वेळ आली, की रात्रपाळी सोडशील काय, असे विचारतो. तिचे वेतन तुटपुंजे असल्याचे कळले, तर सेवाभावाचे नाव पुढे करतो. निष्कामतेचा उपदेश स्वतःस करावयाचा असतो. दुसऱ्याचा मोबदला कापण्यासाठी जो तो उच्चारतो, त्याच्या तोंडी तो उपदेश राहत नाही, लोभ होतो.

त्या गृहस्थांस आम्ही एवढेच म्हटले : कन्येस शिकू द्या, अध्यापिका होऊ द्या. जिने खोटी खूण केली नाही, ती उद्या शंभर विद्यार्थिनींना खोटी खूण न करण्यास शिकवील. तिच्या इच्छेची चिंता करू नका. सुटीत ती घरी येईल तेव्हा त्या वृद्धाचे पुढे काय झाले, हे तिला अवश्य विचारा. आणि तिचे सांगणे पूर्ण होईपर्यंत ऐका.